इंदूताईंच्या तंबोऱ्यावरचे ओरखडे

अंकाच्या संपादकबाईंनी फोन करून सांगितलं, "शालनताई, वाद्यांच्या सहवासातलं काहीतरी सुरेल लिहा." मी म्हटलं, सुरेल पाहिजे असेल तर गाणाऱ्यांकडून लिहून घ्या. मी तारा बदलणारी बाई. माझ्या वाट्याला सूर लागायच्या आधीची कटकट येते. त्या हसल्या आणि म्हणाल्या, मग कटकट लिहा. तेव्हा आता वाचणाऱ्यांनी तक्रार करू नये.

मी सांगलीत राहते. मिरजेच्या कारखान्यांतून बनून गावोगाव गेलेले तंबोरे आणि सतारी हे माझं गिऱ्हाईक. वाद्याचा मालक स्वतःला माझं गिऱ्हाईक समजतो, पण ती त्याची समजूत. पिशवीत तारांची वेटोळी, पक्कड, सुती दोरा, लाखेची बाटली आणि जुन्या लुगड्याचे तुकडे घालून मी एसटीनं हिंडते. कुणाची तार गंजली, कुणाचा सूर उतरला, कुणाचं पॉलिश उडालं, की माझा फोन वाजतो. बहुतेक वेळा तो वाजायला पाहिजे त्याच्या नंतर वाजतो, आणि माझं डोकं तिथूनच फिरायला लागतं.

आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, आटपाडीकडचे. मेंढरं राखणारं घर. एका वर्षी मेंढरं घेऊन कृष्णाकाठी उतरले, मिरजेत एका कारखान्यात भोपळे उतरवायला हात लावला आणि तिथंच राहिले. मला शाळेतून आल्यावर पॉलिशच्या कामाला बसवायचे. पोरीचा हात हलका आहे असं मालक म्हणाले, म्हणून ते काम माझं झालं. हात अजूनही हलका आहे. तोंडाबद्दल मात्र कुणी चांगलं बोललेलं नाही.

ज्यांनी तंबोरा फक्त गवयाच्या मागे उभा बघितलाय त्यांच्यासाठी थोडं सांगते. तंबोऱ्याचं पोट म्हणजे भोपळा. भोपळ्याच्या तोंडावर लाकडाची पातळ झाकणी बसवतात, तिला तबली म्हणतात. तबलीच्या मधोमध घोडी असते, आणि तिच्या अंगावरून चार तारा वर खुंट्यांपर्यंत जातात: पहिली पंचमाची, मधल्या दोन जोडीच्या, शेवटची खर्जाची. घोडी तारांच्या दाबावरच बसून असते. ह्या सगळ्यावर लाखेचं पॉलिश. लाख स्पिरिटमध्ये विरघळवायची, कापसाचा बोळा मलमलीत गुंडाळून त्यात भिजवायचा आणि हात फिरवत राहायचं. हात थांबला की तिथं डाग पडलाच. वाळू द्यायचं, घासायचं, पुन्हा हात द्यायचा. असं दिवसचे दिवस केल्यावर जो थर बसतो तो कांद्याच्या पापुद्र्यापेक्षा जाड नसतो. ह्या पापुद्र्याला उन्हानं काही होत नाही, गाणाऱ्याच्या घामानं फारसं होत नाही. त्याचा जीव जातो तो तार बदलताना.

कारण लोकांना वाटतं, तार बदलणं म्हणजे पायजम्यात नाडी घालणं. ताणलेली तार पक्कडीनं कडकन तोडतात. तोडलेली तार उलटून येते आणि पहिला फटका तबलीवर. चारी तारा एकदम काढतात, मग घोडी सुटते आणि तबलीवरून घसरत खाली येते. नवीन तारेचं वेटोळं वाद्यावरच सोडतात. तार स्प्रिंगसारखी उसळते, तिचं टोक सुईपेक्षा वाईट, ते जिथं जाईल तिथं रेघ ओढून जातं. मी आयुष्यभर ओरडून सांगत आले. आधी खुंटी सैल करा. एक तार काढा, ती लावा, मग दुसरीला हात घाला. वेटोळं वाद्यापासून लांब सोडा, टोक मुठीत ठेवा. आणि तबलीवर कापड घातल्याशिवाय काही करू नका. कापडही नवीन नको, खळीचं नको. धुवून धुवून पार मऊ झालेलं लुगडं पाहिजे.

बायकांना आणखी एक सांगते, बांगड्या. काढा म्हटलं की सवाष्ण बाई माझ्याकडं असं बघते की जणू मी तिच्या नवऱ्याच्या जिवावर उठले. अहो, मलाही नवरा आहे. मी बांगड्या वर सारते आणि वरून फडकं गुंडाळते. मंगळसूत्र पाठीवर टाकते. दोन मिनिटांचं काम आहे. पण खंडेनवमीला त्याच बायका तंबोऱ्याची पूजा करताना ओल्या बोटानं थेट तबलीवर हळदकुंकू लावतात आणि नंतर मला विचारतात, "हा डाग जाईल का हो?" मी सांगते, जाणार नाही, आता तो देवाचा झाला.

कुंडलच्या भजनी मंडळाचा तंबोरा तात्यांच्या घरी असतो. तात्या द्राक्षबागाईतदार, गळा गोड आणि माणूस त्याहून गोड. एकदा गेले तर म्हणाले, "ताई, औंदा आमी सोताच बदलल्या तारा. म्हनलं, तुमाला कशाला तरास."

मी म्हटलं, आधी तंबोरा दाखवा. तंबोरा बाहेर आणला तर तबली चिकट झालेली. त्यावर तात्यांच्या पाची बोटांचे ठसे, आणि घोडीजवळ एक लालभडक रेघ.

"ह्यो काय परकार हाय, तात्या?"

"काय न्हाई, तारा काढायच्या आदी जरा पुसून घेतला. करोनातली सॅनिटायझरची बाटली पडून हुती. म्हनलं, वाया कशाला."

आता लाख विरघळते स्पिरिटमध्ये, हे मी वर सांगितलंच आहे. सॅनिटायझर म्हणजे दुसरं काय असतं? जंतू मेले असतील, माझं पॉलिशही त्यांच्याबरोबर गेलं.

"आन् ही लाल रेघ?"

तात्या सुनेकडं बघायला लागले, सून चुलीकडं बघायला लागली. "तार निसटली हुती वाईच. मग सूनबाईनं नखाचं पॉलिश लावलं. पॉलिशला पॉलिश."

"बरं," मी म्हटलं. "तात्या, उद्या मी तुमच्या बागंत येते आन् द्राक्षावर उवा मारायचं औषध फवारते. औषधाला औषध."

तात्या पोट धरून हसले. त्यांची सून हसली, शेजारचे दोघं हसले. मला काही हसू आलं नाही. सगळी तबली खरवडून पुन्हा पहिल्या हातापासून सुरुवात करायची होती, आणि तात्या मला गूळ-शेंगदाणे आणून देत विचारत होते, "संध्याकाळच्या भजनापातुर हुईल न्हवं?"

दुसरं गिऱ्हाईक कोयनानगरच्या वसाहतीतलं. प्रकल्पावर नोकरीला होते, आता निवृत्त. तिकडं जमीन अधूनमधून हलते, त्याचं कुणाला काही वाटत नाही. कपाटातली भांडी वाजली तर बाया भात परतत राहतात. पण ह्या गृहस्थांना त्यांच्या सतारीची धास्ती. सतार पडली आणि ताणलेल्या तारा तुटल्या तर पॉलिशचं काय, म्हणून वाजवून झालं की ते सगळ्या तारा काढायचे आणि सतार हवेच्या बुडबुड्यांच्या त्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून कॉटखाली सरकवायचे. कोयनेचा पाऊस, ती ओल, त्यात प्लॅस्टिकमध्ये घुसमटलेली लाख. सोडून बघितली तर सतारीच्या अंगभर देवी आल्यासारखे गोल गोल वण. मी लागले बडबडायला. ते शांतपणे म्हणाले, "तुम्ही म्हणता म्हणून तारा लावून ठेवतो. पण वाजवायचंच बंद केलंय आता. जपायला बरं पडतं." त्या माणसाशी काय भांडणार? मी वण काढले, चहा प्यायले आणि घाटातली वळणं मोजत परत आले. परतीच्या वाटेवर सगळा राग कंडक्टरवर निघाला.

आता इंदूताईंचं सांगते. खरं म्हणजे हे सगळं लिहायला बसले ते त्यांच्यासाठीच.

इंदूताई वाईच्या. घाटाकडं उतरणाऱ्या बोळात त्यांची गाण्याची शिकवणी आहे. लग्नाच्या भानगडीत त्या पडल्या नाहीत. गाणं शिकल्या आणि मग आयुष्यभर शिकवलं. आता ऐंशीच्या पुढं आहेत. त्यांचा तंबोरा त्यांच्या गुरुजींनी दिलेला, मिरजेचाच, जुन्या हातचा. दांडीवर वेलपत्ती अशी कोरलेली की आता तसं करणारा हात राहिला नाही. दरवर्षी नवरात्राच्या आधी मी तारा बदलायला जाते. आमचं दोघींचं जमतं, कारण दोघींनाही पटकन राग येतो आणि दोघीही तो लपवत नाही.

एका पावसाळ्यात कृष्णेला पाणी आलं, सांगलीतून बाहेर पडायचे रस्ते बंद, आणि ताईंचा फोन. "पंचम तुटलाय. मुली येऊन बसल्यात. तू कधी येतेस?"

"ताई, रस्ता बंद हाय. मी पोहत येऊ व्हय?"

"मग फोनवर सांग. मी करते."

मी फोनवर सांगत गेले, त्या करत गेल्या. कापड घातलंत का, घातलं. टोक मुठीत आहे का, आहे. शेवटी फोनमधून पंचम ऐकू आला आणि ताई म्हणाल्या, "हे एवढ्यासाठी तू मला इतकी वर्षं धाक दाखवत होतीस?" तेव्हापासून वर्षात मधेच तुटलेली तार त्या स्वतःच लावायच्या. मला त्याचा अभिमान होता. ज्यांना ज्यांना शिकवलं त्यांच्यातली नीट शिकलेली ही एकटीच.

मग काचबिंदूनं त्यांची नजर जायला लागली. आधी कडा गेल्या, मग मधलंही गेलं. तारा बदलणं मात्र थांबलं नाही. पण एक झालं. दिसत होतं तोवर त्या तबलीवर कापड घालायच्या. दिसेनासं झाल्यावर ते कापडच आड यायला लागलं. "ह्या तुझ्या कापडाखाली घोडी कुठे, तबली कुठे, मला काही कळत नाही गं," त्या म्हणायच्या. "बोटांना लाकूड लागलं पाहिजे." म्हणून त्यांनी कापड सोडलं, आणि ओरखडे सुरू झाले. घोडीच्या खाली, कोंबडीनं उकरल्यासारखे. दरवर्षी मी गेले की नवे दिसायचे. मी रागवायचे, मनापासून रागवायचे. "ताई, तबलीवर तारेचं टोक टेकता कामा नये, किती येळा सांगू?" ताई ऐकून घ्यायच्या. मी लाख भरायचे, घासायचे, जेवून परत यायचे. पुढच्या वर्षी पुन्हा तेच.

हे माझं रागवणं ऐकायला घरात आणखी एकजण असायचा. त्यांचा भाचा, श्रीरंग. पुण्यात नोकरी, पण आत्याकडं महिन्यातून दोनदा तरी येणार, औषधं आणणार, डॉक्टरांशी बोलणार. हळू आवाजात बोलतो, चपला काढून नीट एका रेषेत ठेवतो. वाईट माणूस असता तर बरं झालं असतं, भांडायला सोपं गेलं असतं.

गेल्या नवरात्राच्या आधी मी नेहमीसारखी गेले. बोळातच तंबोऱ्याचा आवाज आला आणि मला बरं वाटलं. आत गेले तर मुली गोल बसलेल्या, आणि तंबोऱ्याच्या जागी सतरंजीवर एक मोबाइल. आवाज त्यातून येत होता. ताई खुर्चीत बसून होत्या, दोन्ही हात मांडीवर उताणे. माझी चाहूल लागली तशी त्यांनी मान वळवली.

"तंबोरा कुठं हाय?" मी विचारलं.

श्रीरंग मला आतल्या खोलीत घेऊन गेला. टेबलावर गादी, गादीवर तंबोरा आडवा. तारा काढलेल्या, एकेक वेगळी गुंडाळलेली. घोडी मलमलीत बांधून बाजूला. तबलीवर जुनं मऊ कापड, बिनखळीचं. मी कापड उचलून बघितलं. नवा एकही ओरखडा नव्हता.

"तुम्ही सांगता तसंच केलंय सगळं," तो म्हणाला. "आधी खुंटी सैल, मग तार. एकेक करून. घोडी हातात धरून उचलली. बघितलंय ना इतकी वर्षं तुम्हाला."

मग त्यानं समजावून सांगितलं. गावात एक संस्था जुन्या कलावंतांच्या वस्तूंचं दालन करतेय. काचेचं कपाट, आत दिवा, खाली गुरुजींचं नाव. दसऱ्याला मंडळी येऊन तंबोरा घेऊन जाणार. "आत्या तयार आहे. फक्त एकच म्हणते, शालन म्हणाली तर देते. तिच्या हातून तो खराब होतोय हे तिला तुमच्या तोंडून ऐकायचंय. तुम्ही दरवर्षी सांगताच की. ह्या वेळी जरा शांतपणे सांगा, एवढंच."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यानं काही चुकीचं केलं असतं, पक्कडीनं तार तोडली असती, घोडी घसरवली असती, तर मी त्याला तिथंच धुतला असता. पण त्यानं माझा प्रत्येक नियम पाळला होता. एकही ओरखडा न पाडता त्यानं तो तंबोरा ताईंपासून काढून घेतला होता, आणि तेही मी शिकवलेल्या पद्धतीनं.

"आन् ताई गातात कशावर?" मी विचारलं.

"मोबाइलवर. हुबेहूब तोच आवाज येतो."

"गातात?"

"सध्या मुलींकडूनच गाऊन घेते. स्वतः नाही गात."

"कवापासून?"

त्यानं गुंडाळलेल्या तारांकडं बघितलं. मी समजले काय ते. बाहेर आले आणि ताईंच्या समोर बसले.

"आलीस," ताई म्हणाल्या. "चहा नंतर घे. आधी सांग. मी त्याची वाट लावतेय का? श्री म्हणतो, मला दिसत नाही म्हणून मला कळत नाही. खरंच असेल ते. तू हाडाची पॉलिशवाली. तू म्हणालीस दे, तर मी देते. पण खोटं बोलू नकोस. मला बरं वाटावं म्हणून तर अजिबात बोलू नकोस."

कुणीतरी मोबाइल बंद केला. मुली माझ्याकडं बघत होत्या. श्रीरंग दारात उभा होता. खोटं बोलायचा मोह मला झाला, हे कबूल करते. एवढंसंच तर म्हणायचं होतं, छे हो ताई, काही नाही झालं. पण ताईंची बोटं माझ्यापेक्षा हुशार. त्यांना प्रत्येक रेघ ठाऊक असणार.

"व्हय ताई," मी म्हटलं. "ओरखडे हायत. तुमच्याच हातचे हायत. आन् दर सालाला वाढत्यात."

ताईंनी मान हलवली. मांडीवरचे हात त्यांनी एकात एक घातले. श्रीरंगनं श्वास सोडला आणि पुढं आला. "आत्या, मी म्हणत होतो ना..."

"थांबा जरा," मी म्हटलं. "माझं बोलनं सरलं न्हाई."

आणि मग मला आवरलं नाही. मुलींसमोर एवढ्या मोठ्यानं बोलायला नको होतं, पण बोलले.

"पॉलिश कशापायी करत्यात, सांगा मला. लाकडाला ओल लागू ने, घाम लागू ने, म्हनून करत्यात. लाकडाला लागायचं त्ये पॉलिशनं आपल्या अंगावर घ्यायचं, येवढंच त्येचं काम. ह्ये सगळे ओरखडे पॉलिशवर हायत, खाली लाकूड जसंच्या तसं हाय. मी बघितलंय. माजी बाटली पिशवीत हाय. मी हाय तवर मी भरीन, मागनं दुसरं कोन तरी भरंल. मी वरडते म्हनता? वरडनारच. पुढच्या सालाला बी येनार आन् वरडनार. पन वरडले म्हनून त्येंचा तंबोरा काढून घ्या, असं मी कवा म्हनले? कवा म्हनले, सांगा."

श्रीरंगचा चेहरा पडला. "शालनताई, तसं नाही. तिथे तो सुरक्षित राहील. आत्याच्या मागे कोण बघणार त्याच्याकडे? कपाटात पिढ्यान्पिढ्या टिकेल."

"टिकंल की. तारा न्हाईत, कुनाचा हात न्हाई, मग त्येला काय हुनार हाय?"

"निदान लोक बघतील तरी."

"तो बघायचा नाही, श्री," ताई म्हणाल्या. इतक्या वेळात पहिल्यांदा त्यांचा आवाज नेहमीसारखा लागला. पण लगेच माझ्याकडं तोंड करून त्यांनी विचारलं, "म्हणजे ठेवू मी?"

ज्या बाईनं अख्ख्या वाईला सुरात आणलं, जिच्या पुढं मोठमोठे गवई खाली मान घालून बसले, ती मला विचारत होती, ठेवू का. त्याचा मला सगळ्यात जास्त राग आला. श्रीरंगचा आला, त्या दालनाचा आला, माझ्या स्वतःच्या तोंडाचा आला. आता लिहितानाही येतोय.

"तुमचा हाय, ताई. मला इचारू नका. कुनालाच इचारू नका."

मी आतून तंबोरा उचलून आणला आणि त्यांच्यासमोर सतरंजीवर ठेवला. मुलींनी मोबाइल उचलून जागा करून दिली. मी घोडी मलमलीतून सोडून तबलीवर जागेवर धरली. पिशवीतून नव्या तारा काढल्या. सवयीनं लुगड्याचा तुकडा पसरला.

"तार मी घालते," ताई खुर्चीतून खाली उतरत म्हणाल्या.

त्यांचे हात दांडीवरून खाली आले, वेलपत्तीवरून, दांडी-भोपळ्याच्या सांध्यावरून, आणि कापडाशी येऊन अडले. कापडावर बोटं इकडं गेली, तिकडं गेली. घोडी माझ्या हातात होती तरी त्यांना सापडेना. श्रीरंग दारातून बघत होता. मला त्याचं बघणं ऐकू येत होतं. त्या कापडावाचून मी कधी कुणाच्या वाद्यावर तार चढवली नाही. अण्णांनी शिकवलं तसं, मालकांनी दटावलं तसं, ते आधी पसरल्याशिवाय माझा हात पुढं जात नाही.

मी ते ओढून काढलं.

ताईंची बोटं लाकडाला लागली. मग घोडी सापडली, खालचा तार अडकवायचा खिळा सापडला. त्यांनी माझ्या हातून पंचमाची तार घेतली. फास खिळ्यात घातला. दुसऱ्या हातातलं वेटोळं मुठीत धरलेलं होतं, पण मूठ आता पहिल्यासारखी घट्ट राहिलेली नाही. वेटोळं सुटलं, उसळलं, आणि तारेचं टोक तबलीवरून कर्रकन फरफटत गेलं. तो आवाज खोलीतल्या सगळ्यांनी ऐकला. एका मुलीनं तोंडावर हात घेतला. माझे दात शिवशिवले.

ताईंचे हात थांबले.

"पडला का गं ओरखडा?"

"पडला, ताई."

"मोठा?"

"लय मोठा हाय."

दारातून श्रीरंग मागं फिरला. अंगणात त्याच्या चपलांचा आवाज ऐकू आला. ताईंनी तार चाचपून पुन्हा धरली, घोडीवरून घेतली, खुंटीत ओवली आणि पिळत गेल्या. पंचम वर चढत चढत जागेवर आला. त्यांनी कान दांडीला लावून तो ऐकला, आणि तंबोऱ्यावरचा हात न काढता दुसरा हात माझ्यापुढं केला.

"जोडीची दे."